तिसऱ्या रविवारचा प्रश्न

शनिवार, चौदा तारीख
दुपार, दुकानातून

प्रिय चिंगीस,
प्रभूमध्ये सलाम.

नऊ वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट फाडून टाकलं नसशील, असं धरून लिहितो. आम्ही ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो आणि त्यावरून ती दिवसभर कुरकुरते. सध्या दुकानात चर्चची, आपल्या मंडळीची जुनी गीतपुस्तकं बांधायला आली आहेत, एकशे दहा प्रती. सगळ्यांचे कणे तुटलेले. एका पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर फुल्या-गोळ्यांचा डाव सापडला. फुल्या तुझ्या, गोळे माझे. तू हरली होतीस आणि खाली 'दादा लबाड' असं लिहिलं होतंस. ते पान काढलं नाही, तसंच शिवलं.

तुझ्या शिवणवर्गाचं मावशीकडून कळलं. पंधराजणी येतात म्हणे. छान झालं. पत्ताही तिनेच दिला, पण आधी अर्धा तास माझी चांगली हजेरी घेतली.

इकडे हवा बरी आहे. वहिनी म्हणते, तुम्ही मुद्द्यावर यायला एक अख्खं पान खाता. खाल्लं.

तुझ्या नवऱ्याला मंडळी पंच करते आहे. आपली पद्धत तुला ठाऊक आहे. उपासनेत लागोपाठ तीन रविवार नाव वाचायचं आणि विचारायचं, "या नेमणुकीविरुद्ध कुणाचं काही म्हणणं असेल तर आता सांगावं." विचारायचं काम सचिवाचं. सचिव अजून मीच. दोन रविवार मी विचारलं, दहा मोजून थांबलो, आणि "कुणाचं काही म्हणणं नाही" असं वहीत लिहिलं. उद्या तिसरा.

मला काही वाटलं नाही गं. खरंच सांगतो. सोमवारी दाभण तळहातात घुसलं, तेही पुठ्ठ्यावर रक्त पडलं तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाला, हात ठणठणीत आहे. जेवणात मीठ नसलं तरी मी जेवतो. वहिनीने एकदा मुद्दाम घातलं नाही, पाहायला. मी मुकाट्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा ती रडली. मी ताट उचललं आणि धुवून ठेवलं.

गेल्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "शुभवर्तमान म्हणजे आधी बातमी. तुला माफ केलंय ही बातमी. ती ऐकून ज्याला उठून कुणाच्या तरी दारी जावंसं वाटत नाही, त्याने ती अजून ऐकलेलीच नाही." मी पहिल्या बाकावर होतो. मी घड्याळ पाहिलं.

आता ते लिहितो. तू घर सोडण्याआधी चार महिने, एका दुपारी मी तुमच्याकडे बांधलेली पुस्तकं द्यायला आलो होतो. दार अर्धं उघडं होतं. तुझ्या नवऱ्याने तुझी वेणी मुठीत धरली होती आणि तुझं डोकं ओट्यावर आपटत होता. दोनदा आपटलं. मी पुस्तकं उंबऱ्यावर ठेवली आणि परत फिरलो. चपलांचा आवाज होऊ नये म्हणून हळू चाललो. नंतर तू गेलीस. पंचांनी मला विचारलं, "तुम्ही भाऊ आहात, कधी काही पाहिलंत?" मी म्हणालो, "नाही." मग तुझं नाव मंडळीतून कमी करायचा ठराव मीच लिहिला, मीच वाचला, आणि सभासदांच्या वहीत तुझ्या नावावर पट्टी धरून तांबडी रेघही मीच ओढली. रेघ अगदी सरळ आली होती.

तू मला पाहिलं नव्हतंस, असं मी नऊ वर्षं स्वतःला समजावलं. पाहिलं होतंस. तुझी नजर दाराकडेच होती.

कालच हे सगळं वहिनीला सांगितलं.  ती म्हणाली, "रविवारी तुम्ही बोला, नाहीतर मी उभी राहते. आणि मी उभी राहिले तर गुडघा दुखतो म्हणून लवकर बसणार नाही."

टपालवाला पेटी उघडून गेला. आता हे सोमवारीच निघेल.

रविवार, पंधरा तारीख
दुपार

नाव वाचलं. विचारलं. दहापर्यंत मोजलं. मग माझाच हात वर केला. लोकांना वाटलं, पंखा बंद करायला सांगतोय. एकाने उठून केलाही.

मी म्हणालो, "माझं म्हणणं आहे. मी पाहिलं होतं आणि नाही म्हणालो होतो." मग जे पाहिलं ते सांगितलं, पुस्तकं उंबऱ्यावर ठेवली तेही. तुझा नवरा म्हणाला, "नऊ वर्षं कुठे होतास?" त्याचा प्रश्न बरोबर आहे. मी म्हणालो, "पहिल्या बाकावर." मग तो उठून गेला. नेमणूक थांबली. सचिवपद मी सोडलं. प्रभुभोजनाचं ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी काही न घेता ते पुढे दिलं. आधी तुला हे पत्र पुरं लिहायचं होतं.

नंतर पाळकसाहेबांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "रेघ खोडता येते का बघा, तुम्ही कारागीर आहात." नाही येत. शाई पार मागच्या पानापर्यंत उतरली आहे. खाली नवीन ओळ लिहिता येईल, पण ती तू म्हणशील तेव्हाच. म्हणणार नसशील तर जागा कोरी राहील.

तुला न विचारता तुझी गोष्ट चारचौघांत सांगितली. हेही माझ्याच नावावर मांड. माफ कर असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो: माफ कर. उत्तर दिलं नाहीस तरी तक्रार नाही.

आनंद वगैरे काही झालेला नाही. फक्त घरी आल्यावर वहिनीने विचारलं, "भाजी कशी झाली?" आणि मी म्हणालो, "खारट." ती चमचा हातात धरून तशीच उभी राहिली.

त्या ठरावाखाली मी 'सचिव' अशी सही केली होती. इथे दुसरी करतो. ती तुला मान्य नसेल तर खोड. पट्टी लागणार नाही.

दादा