टेबलावर सापडलेल्या वस्तू

४ मार्च, सोमवार

आज रुजू झाले! जुन्या नगरभवनातलं हे संग्रहालय बाहेरून मोठं रुबाबदार आहे, आतून मात्र कित्येक वर्षांत न उघडलेल्या कपाटासारखा वास येतो. माझं काम म्हणजे जुनी रजिस्टरं लावायची आणि संग्रहालयाचा छोटासा इतिहास लिहायचा. खोली तळमजल्यावर आहे, पश्चिमेला मोठी खिडकी, मधोमध लांबलचक जाड लाकडी टेबल. शाळा सुटल्यावर माझी लेक खारू इथेच येऊन बसणार. नऊ वर्षांची झाली तरी पेन्सिली कुरतडायचं सोडत नाही, म्हणून खारू. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. तिला इथे बसू देतील म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

किल्लीवाले काका इथले सगळ्यात जुने. खारूला पाहताच त्यांनी सलाम ठोकला आणि तपासणीला आलात का इन्स्पेक्टरबाई, असं विचारलं. खारूने तिथल्या तिथे त्यांना जिन्यावरच्या धुळीबद्दल झापलं.

७ मार्च, गुरुवार

इतिहास सापडायला लागला. माझ्या खोलीत पूर्वी नगरभवनाचा हरवल्या-सापडल्याचा कक्ष होता. सापडलेली वस्तू या टेबलावर ठेवायची. संध्याकाळची घंटा झाली की तिची रजिस्टरात नोंद. सात दिवसांत मालकाने दोन साक्षीदार आणून हक्क सांगितला तर परत, नाहीतर ती गावाची. कचेरी नव्या इमारतीत गेली आणि मागे उरलेल्या बेवारस वस्तूंचं संग्रहालय झालं.

नियम अजून तेच आहेत, असं काका म्हणाले. प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाने बारीक आकडा. जोडी असेल तर आकडा एकच, पुढे अ आणि ब, आणि जोडी कधीही वेगळी ठेवायची नाही. नोंद कोण करतं, असं विचारलं तर म्हणाले, नोंद होते.

वरच्या दालनात माणसांचे पुतळे आहेत, अगदी हुबेहूब. टपालवाला, चष्मेवाला म्हातारा, झारी घेतलेली बाई. बाकीचे सफाईवाली पुसते, ही बाई मात्र काका स्वतः पुसतात, स्वतःच्या रुमालाने. का, ते त्यांनाही सांगता येईना. सवय, म्हणाले.

१२ मार्च, मंगळवार

काल खारू तिचा निळा स्वेटर टेबलावर विसरली. आज पाहते तर कॉलरच्या आत पांढरा आकडा : १४११. रजिस्टरात नोंदही आहे. मी काकांना म्हटलं, पुरे हं थट्टा! ते हसले नाहीत. दोन साक्षीदार आणा, म्हणाले. एका स्वेटरसाठी कोणाच्या दारात जाऊ? शनिवारी नवा विणायला घेईन.

१८ मार्च, सोमवार

आज सातवा दिवस उलटला. स्वेटर काचेच्या कपाटात गेला. खारूला दाखवला तर म्हणाली, आई, माझ्याकडे निळा स्वेटर कधी होता?

सहलीचा फोटो काढून पाहिला. त्यात ती नुसत्या फ्रॉकवर आहे, थंडीने हात पोटाशी धरलेले. तो स्वेटर मी स्वतः विणला होता. डाव्या बाहीत एक टाका चुकला होता. कपाटातल्या स्वेटरचा तोच टाका चुकलेला आहे.

उद्यापासून तिने खिडकीपाशी खुर्चीवर बसायचं, टेबलाला हातही लावायचा नाही, असं बजावलं. राजीनाम्याचा विचार येतो. पण मग खायचं काय?

२२ मार्च, शुक्रवार

नीट लिहायला हवं.

काका आज रजेवर. दारं लावणं आणि घंटा वाजवणं माझ्याकडे. खारूला कणकण होती, शाळेतून आली ती खुर्चीत बसून पेंगत होती. मी सगळी दालनं बंद करत गेले, जिन्याखाली येऊन साडेपाचला घंटा वाजवली. रोजच्यासारखी. मीच वाजवली.

खोलीत आले तर खुर्ची रिकामी. तिला आडवं व्हायचं असणार. टेबलावर तिचं दप्तर, उशीसारखं दुमडलेलं, अजून गरम.

ती नाही.

२३ मार्च, शनिवार

रजिस्टरात, माझ्या अक्षरात :

१४१२ अ. मुलगी. वय अंदाजे नऊ. टेबलावर सापडली.

मी हे लिहिलेलं नाही.

२५ मार्च, सोमवार

दोन साक्षीदार. फक्त दोन माणसं, जी म्हणतील की ती माझी आहे.

शेजारच्या वहिनींकडे गेले. तिच्या जन्माच्या वेळी याच माझा हात धरून बसल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, एकटं राहून माणसाच्या मनाचं असं होतं म्हणाल्या, चार दिवस आमच्याकडे या.

शाळेत वर्गशिक्षिकेने हजेरीपट दाखवला, त्यात तिचं नावच नाही. बाईंचा स्वर फार मायेचा होता. त्याचीच भीती वाटली.

काकांना विचारलं, तुमची इन्स्पेक्टरबाई? कोण, म्हणाले. आणि हात आपोआप सलामासाठी कपाळापर्यंत गेला. मग तो तिथेच का थांबलाय, हे त्यांना कळेना.

२६ मार्च

वरच्या दालनात आहे ती. टपालवाल्याच्या शेजारी.

गार. टाचेवर आकडा. दातांच्या फटीत पेन्सिलीचा लाल रंग. उजवा हात जरा पुढे, बोटं अर्धी मिटलेली, रस्ता ओलांडताना धरते तशी —

उचलायचा प्रयत्न केला. जमिनीतून उगवल्यासारखी. काकांनी मला हळूच बाजूला केलं. रडत होते. का रडतो, मला विचारत होते.

झारीवाल्या बाईच्या टाचेवरही अ आहे. तिच्या शेजारी ब मात्र नाही.

२८ मार्च

सकाळी दोन कपांत दूध ओतलं आणि दुसरा कुणाचा, ते आठवेना. पाच मिनिटं. पाच मिनिटं उभी होते.

मागची पानं वाचते तेव्हा आठवते. खारू. पेन्सिली. धूळ. खारू.

उद्या सातवा दिवस. नंतर ही पानं कोणा परक्या बाईने लिहिल्यासारखी —

आत्ता कळलं. एकटीच होती, तर अ कशाला? रजिस्टरात तिच्या नोंदीखाली एक ओळ कोरी सोडली आहे.

२९ मार्च. पाच वाजून दहा

काकांना सगळं वाचून दाखवलं. त्यांना त्यातलं काही आठवत नाही. तरी घंटा वेळेवर वाजवीन म्हणाले. झारीवाल्या बाईच्या शेजारची जागा त्यांनी आज स्वच्छ पुसून ठेवली आहे. पुढल्या आठवड्यात टेबलावर माझी पाळी, म्हणाले, घंटा वाजवायला कोणीतरी मिळेल.

पाच पंचवीस. टेबलावर आडवी झाले आहे. लाकूड गरम आहे, तिच्या अंगासारखं. वही आणि उघडं रजिस्टर छातीवर. घाबरले आहे खूप. पण जोडी वेगळी ठेवत नाहीत, हा नियम आहे —

काकांची पावलं. घंटेची दोरी.

खारू, हात तसाच पुढे धर. येते आहे. कोरी ओळ मी माझ्या हाताने भरते :

१४१२ ब. आई. वय त्रेचाळीस. टेबलावर साप