पाच किलोमीटरचा चौकोन

प्रिय ताई,

हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहितेय. तू आत बाबांच्या उशाशी, दहा पावलांवर, आणि मी तुला पत्र लिहितेय. एरवी हसली असतीस. पण तोंडानं सांगायला गेले तर माझी बोबडी वळेल. पाच दिवस झाले, बाबांनी डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. तेव्हापासून काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की थोरलीनं हातपाय गाळले, फोन करायलाच वेळ लावला. तू मान खाली घालून ऐकून घेतेस.

माझं काम काय असतं, हे तू विचारायचीस आणि मी उडवून लावायचे. आज नीट सांगते. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन आला की त्या जागेपासून सगळ्यात जवळची गाडी शोधायची, एवढंच आमचं सॉफ्टवेअर करतं. गेल्या महिन्यात ते रडतखडत चालायला लागलं. एका उत्तराला चौदा सेकंद! साहेबांनी माझा पिच्छाच पुरवला. खोदून पाहिलं तर अक्षांश-रेखांशांवर इंडेक्स होता, पुस्तकामागे सूची असते ना, तसा. पण तो वापरलाच जात नव्हता. दर फोनला डेटाबेस गाड्यांच्या ठावठिकाण्यांच्या लाखो नोंदी उपसून एकेकीचं अंतर मोजत बसायचा. मग मी युक्ती केली. आधी फोनच्या जागेभोवती चौकोन आखायचा, चारी बाजूंना पाच-पाच किलोमीटर, आणि त्यात सापडतील तेवढ्याच गाड्यांचं अंतर मोजायचं. उत्तर चुटकीसरशी! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आठवडाभर मी हवेत होते गं.

चौकोन रिकामा निघाला तर तो वाढवून पुन्हा शोधायचं, हे लिहायचं राहिलं. राहिलं कसलं, नंतर करू म्हणून मीच ठेवलं. तपासून पाहिलं ते भर शहरात, तिथं गल्लोगल्ली गाड्या. तुझं घर खाणीच्या पलीकडे एकटं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

काल ऑफिसात मंगळवारच्या नोंदी उघडल्या. त्याआधी दोनदा उठून पाणी प्यायले. तुझा फोन चार वाजून बारा मिनिटांचा. बाबा आत्ताच पडलेत, असं तू म्हणालीस तेही त्यात आहे. फोन घेणाऱ्या बाईंनी तीनदा शोधलं आणि तिन्ही वेळा पडद्यावर आलं, गाडी उपलब्ध नाही. साडेसहा किलोमीटरवर एक गाडी रिकामी उभी होती, ताई. दुसऱ्या केंद्रातून गाडी मागवून ती तुझ्या दारात यायला एक्केचाळीस मिनिटं लागली.

उशीर तू केला नाहीस. मी केला. चूक कालच दुरुस्त केली, साहेबांना लेखी कळवलं; नोकरीचं व्हायचं ते होईल. भीती वाटते ती तुझी. बाबांचं काही बरंवाईट झालं, तर तू पुन्हा माझं तोंड बघणार नाहीस. तरीही संध्याकाळी काका आले की हे पत्र त्यांच्या हातात दे, आणि मोठ्यानं वाचायला लाव.

तुझीच,
धाकटी