विक्रीसाठी नाही, फक्त बघा

२० जानेवारी, सोमवार

गेवराईला पुढच्या महिन्यात ८ आणि ९ तारखेला जुन्या वस्तूंचं प्रदर्शन. नाणी, तिकिटं, नोटा, अडकित्ते, सगळं. मंगल कार्यालयात टेबल मिळतंय. मी जाणार. फायनल.

माझ्याकडं नाणी न्हाईत. नाणी कुणीबी जमवतंय. माझ्याकडं बिल्ले हायेत. सायकलीच्या टॅक्सचे, बैलगाडीचे, हातगाडीचे, कुत्र्याच्या गळ्यातले सुद्धा. पूर्वी वर्षाचा टॅक्स भरला की पत्र्याचा नाहीतर पितळेचा बिल्ला मिळायचा, तो सायकलीला अडकवायचा. टॅक्स बंद झाला, बिल्ले भंगारात निघाले, ते म्या उचलले. आख्ख्या मराठवाड्यात असा संग्रह दुसऱ्याकडं न्हाई. असला तर त्यानं पुढं यावं.

माझी एकच इच्छा हाय, ती इथं लिहून ठेवतो. कुणीतरी जाणकार माणूस यावा, सगळं एकदम न्यावं, काचेच्या कपाटात मांडावं आणि वर पाटी लावावी: ‘धर्मराज आश्रुबा आघाव यांचा संग्रह’. पैसे दिले न दिले, आपलं काही म्हणणं न्हाई.

दिले तर बरं.

२३ जानेवारी, गुरुवार

घरात कट शिजलाय. बायको, मंजुळा, म्हणली, समोरची खोली दीपमालाला पायजे. सुनेचा शिवणक्लास निघणार, मशिनी येणार. माझे डबे आणि पेट्या गेवराईत खपल्या तर खपल्या, नाहीतर म्हाळू भंगारवाल्याला बोलावणार. म्या म्हणलं, हा इतिहास हाय. तर म्हणती, इतिहासाला गंज चढलाय, पोरींच्या कापडाला डाग पडतील.

दीपमाला नुसतं ‘मामा, चहा ठेवू का’ म्हणली. एवढं गोड बोलायचं कारण काय? लक्ष ठेवायला पायजे.

२९ जानेवारी, बुधवार

आलं. माहीत होतं येणार म्हणून.

प्रदर्शनवाल्यांचा ग्रुपवर मेसेज. विक्री करणाऱ्या प्रत्येक टेबलाला पालिकेची तात्पुरत्या गाळ्याची फी. टेबलाच्या मापावर. मोबाईलवरून भरा नाहीतर जागेवर पावती फाडा. खाली बारीक अक्षरात, ‘जीएसटी ज्यांना लागू असेल त्यांनीच.’ लागू असेल! हे ‘असेल’ लई लबाड.

मला शिकवतेत. उभी नोकरी गावच्या आठवडी बाजारात पावत्या फाडण्यात गेली माझी. तयबाजारी, म्हणजे बाजारात बसायची फी, वसूल करावी तर धर्मराजनं, असं अजून म्हातारी माणसं सांगतेत. कोथिंबिरीची एक जुडी घेऊन बसलेलीला सुद्धा सोडलं न्हाई. एखादी म्हणायची, ‘साहेब, मी विकत न्हाई, बसलेय नुसती.’ मग मी जरा फिरून यायचो, साधा शर्ट घालून, गिऱ्हाईक बनून. ‘काय भाव दिली मावशी?’ तिनं भाव सांगितला की झाली विक्री. फाडली पावती.

ते काम वेगळं होतं. ते कायदेशीर होतं. हे संशयास्पद हाय.

३ फेब्रुवारी, सोमवार

अभिमन्यू नाईकवाडेला फोन केला. हा नांदूरघाटचा. नाणी विकतो, प्रत्येक प्रदर्शनात हजर. मागच्या साली म्या त्याला माझ्याकडचे दुबार बिल्ले दिलते, वाकडेतिकडे, एक डबाभर, आणि बदल्यात निजामाच्या वेळचं एक नाणं घेतलतं. चांगलाच गुंडाळला होता त्याला.

त्याला विचारलं, फीचं काय करायचं? म्हणला, ‘म्या भरली बी. तुमीबी भरून टाका धर्मराजराव, भज्याच्या प्लेटीएवढा खर्च हाय.’

आता बघा. एवढी घाई? आणि मी भरावी म्हणून एवढी कळकळ? ह्याला नक्कीच टेबलामागं काहीतरी सुटत असणार. दुपारभर विचार केला. दुसरं कारण सापडंना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सापडला मार्ग.

फी कुणाला? विक्री करणाऱ्याला. मग मी विक्रीच करणार न्हाई. पेंटरकडून पाटी रंगवून आणली: ‘विक्रीसाठी नाही, फक्त बघा.’ लाल अक्षरं. खरं गिऱ्हाईक आलं की हळूच बाजूला घ्यायचं आणि काम उरकायचं. पाटीचा खर्च फीपेक्षा जास्त झाला, पण हा तत्त्वाचा प्रश्न हाय.

निषेध म्हणून ग्रुप सोडला. कुणी कावून म्हणून सुद्धा विचारलं न्हाई. म्हणजे मी म्हणतो ते खरं हाय, सगळे सामील हायेत.

दीपमालानं विचारलं, ‘मामा, त्या फीचं काय झालं? मेसेज दाखवलता ना तुमी.’ म्या म्हणलं, तू तुझ्या मशिनीचं बघ. ती मोबाईल घेऊन आत गेली. सुनेनं सासऱ्याच्या व्यवहारात पडू नये, असं माझं स्पष्ट मत हाय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्यासाठी नियम. खरं गिऱ्हाईक घासाघीस करतं. जो घासाघीस करत न्हाई तो सरकारी. हे मी अनुभवावरून सांगतो. गिऱ्हाईक बनून फिरताना म्या कधी भाव पाडून मागितला न्हाई, कारण मला घ्यायचंच नसायचं.

कुणी भाव विचारला तर सांगायचा न्हाई. नाव विचारलं तर अजिबात न्हाई.

८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी

टेबल चांगलं. दाराजवळ. दुसऱ्या टोकाला अभिमन्यू, चांगला झब्बा घालून. हात केला मला. म्या पाटीकडं बोट दाखवलं.

दुपारी

पालिकेची एक बाई फिरायला लागली. बबिता म्हणून. हातात मोबाईल आणि मशीन, गळ्यात ओळखपत्र. प्रत्येक टेबलापाशी थांबती, बघती, ज्यानं भरली न्हाई त्याची पावती काढती. माझ्यापाशी आली. मी पाटी धरून उभाच. तिनं मोबाईलमध्ये बघितलं, मान हलवली आणि म्हणली, ‘काका, जेवलात का? मागं पिठलं-भाकरी हाय.’ आणि गेली पुढं.

पावती मागितली न्हाई.

शेजारच्या अडकित्तेवाल्याकडं मागितली. नोटांवाल्याकडं मागितली. आमच्या रांगेत मला एकट्याला सोडलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत म्या कुणाला असं फुकट सोडलं नव्हतं. सोडलं असलंच तर मोठी रक्कम काढायची म्हणून, वरच्या साहेबासाठी. म्हणजे साहेब येणार.

पिठलं खाल्लं न्हाई.

संध्याकाळी

विक्री: काही न्हाई. एक पोरगी आली, आजोबाच्या सायकलीला असाच बिल्ला होता म्हणली, केवढ्याला देता? लई जीव लावून बघत होती. द्यावा वाटला. पण घासाघीस केली न्हाई. म्हणून पाटी दाखवली.

९ फेब्रुवारी, रविवार

आला. मला पहिल्यापासून माहीत होतं.

करडा सफारी, खिशाला पेन, शुद्ध बोलणं. बाकीच्या टेबलांवरून नुसता चालत आला आणि माझ्यापाशी थांबला. चष्मा काढून बिल्ले बघायला लागला. एकेक उचलून उलटा करून. बैलगाडीचा बिल्ला बघून तर ‘वा’ म्हणला. सरकारी माणूस ‘वा’ म्हणतोय म्हणजे मोठाच डाव हाय.

मग फोटो काढले. पुरावा. मग खिशातून टेप काढला आणि टेबल मोजलं. लांबी, रुंदी, दोन्ही. फी टेबलाच्या मापावर हाय, आता शंका कशाला पायजे?

मग म्हणला, ‘हे सगळं एकत्र द्यायचं असेल तर काय घ्याल?’

सगळं! एकत्र! एवढ्या मोठ्या विक्रीला काय काय लावतील, फी, जीएसटी, दंड. आणि घासाघीस न्हाई, म्हणला तुम्ही सांगाल तो आकडा. म्या कपाळाला हात लावणार होतो पण लावला न्हाई. शांतपणे पाटी दाखवली. त्यानं वाचली आणि हसला. ‘विचार बदलू शकतो ना माणूस. बरं, तुमचं पूर्ण नाव काय? मला लिहून घ्यायचंय.’

इथं माझी खरी हुशारी. म्या म्हणलं, ‘साहेब, ह्यातलं माझं काहीच न्हाई. माल सगळा त्या झब्बेवाल्याचा हाय, अभिमन्यू नाईकवाडे, नांदूरघाट. मी नुसता राखण बसलोय.’

त्यानं नाव लिहून घेतलं. गावसुद्धा लिहिलं. आणि सरळ अभिमन्यूच्या टेबलाकडं गेला. लांबून बघत होतो. अभिमन्यू उठून उभा राहिला, हात जोडले. मनात म्हणलं, भर आता फी. भर जीएसटी. लई भजी-भजी करत होतास.

फार दिवसांनी पोटभर जेवलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

घरी. मंजुळानं विचारलं, किती खपलं? म्या म्हणलं, हा आकड्याचा प्रश्न न्हाई. आख्ख्या प्रदर्शनात एक रुपया फी न देणारा मी एकटा. ती म्हणली, आणि एक रुपया न कमावणारा? बाईमाणसाला प्रशासन समजत न्हाई.

दीपमालानं विचारलं, ‘एकबी न्हाई खपला मामा?’ तिचं तोंड उतरलं. खोली तर तिला मिळणारच, मग तोंड कावून उतरलं? नोंद करून ठेवतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अभिमन्यूचा फोन. वाटलं, दंड झाला म्हणून रडायला केला असंल.

म्हणला, अंबाजोगाईच्या एका कॉलेजात संग्रहालय निघतंय. मराठवाड्यातल्या जुन्या करांचा आणि बाजारांचा एक विभाग हाय. तिथले विजयसिंह सर प्रदर्शनाला आलते. करडा सफारी. काचेच्या कपाटासाठी माल बघत होते, टेप घेऊन.

मी खाली बसलो.

‘तुमचा माल बघून सर येडे झालते,’ अभिमन्यू म्हणला. ‘म्या त्यांना सांगितलं, तो माल धर्मराजरावांचाच हाय, तुमच्याकडं आणणार होतो तर तुमी जेवायला गेलता. तर म्हणले, द्यायचा नसेल तर तसं सांगा, टाळू नका, त्यांनी स्वतः सांगितलं की ते राखणदार आहेत, माल तुमचा. फार तिरसट माणूस ठेवलाय तुम्ही. शेवटी तुमी मला दिलेला तो वाकड्या बिल्ल्यांचा डबा होता ना, तो नेला त्यांनी. कपाटावर माझ्या नावाची पाटी लागणार हाय. या बघायला.’

माझे दुबार. माझे वाकडे. माझ्या कपाटात. त्याच्या नावानं.

फोन ठेवून घरात ओरडलो. ती फी नसती तर हे झालंच नसतं, त्या फीपायी मी नाव लपवलं, असं सगळं. दीपमाला दारात उभी. पदराशी चाळा करत म्हणली, ‘मामा, फी तर म्या भरलती की. तुमच्या नावानं. सहा तारखेलाच, मोबाईलवरून. म्हणलं तुमी चिडताव म्हणून सांगितलं न्हाई. तुमचा माल खपावा, असं लई वाटत होतं.’

म्हणजे ती बबिता. म्हणजे ते पिठलं.

कुणावर चिडावं ते कळंना. लई वाईट वाटलं. रात्री जेवलो न्हाई.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अजून वेळ गेलेली न्हाई. अभिमन्यूकडून नंबर घेऊन विजयसिंह सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. माल माझाच, मीच धर्मराज आश्रुबा आघाव, राखणदार मी न्हाईच, सगळं द्यायला तयार हाय, पैसे नका देऊ पायजे तर.

ते समजुतीनं म्हणले, ‘हे बघा, मालकाच्या पाठीमागे त्याचा माल असा विकू नये. नाईकवाडे चांगले गृहस्थ आहेत. तुमच्याबद्दल त्यांना मी काही सांगणार नाही.’

फोन ठेवला त्यांनी.

हा अभिमन्यूचाच डाव असावा असं दिवसभर वाटत होतं. पण कसा, ते काही जुळत न्हाई.

२ मार्च, रविवार

खोली रिकामी केली. मशिनी आल्या. दीपमालानं एक सायकलीचा बिल्ला मागितला आणि आपल्या मशिनीला अडकवला. म्हणली, मामा, शुभ असतं. एवढं चांगलं वागायचं कारण काय, म्हणून बराच वेळ बघत राहिलो. मग डोळ्यात पाणी आलं, म्हणून बाहेर आलो.

बाहेर म्हाळू, तराजू आणि पोती घेऊन. पितळ वेगळं, पत्रा वेगळा करायला बसला. बैलगाडीचा बिल्ला पत्र्यात टाकला. म्या म्हणलं, लिहून घे म्हाळू, माल कुणाचा हाय ते. धर्मराज आश्रुबा आघाव. आघाव लिही नीट.

म्हाळू म्हणला, ‘नाव कशाला काका, पोत्याचं तोंड धरा.’

धरलं.