वाचून दाखवणारा आवाज

सोमवार, ४ नोव्हेंबर

मेला गप्प झाला! सकाळी माझी कॉफी होईपर्यंत कॉम्प्युटरनं आपणहून अपडेट उरकलं, आणि पडद्यावरचं मला वाचून दाखवणारा आवाजच गेला. किती कळा दाबल्या — नुसता पंखा घरघरतोय. बावीस वर्षं दिसत नाही मला. तो आवाज म्हणजेच माझे डोळे. हे ब्रेलच्या टाइपरायटरवर ठोकतेय.

मंगळवार, ५

मदत केंद्राला फोन केला. चाळीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एक गृहस्थ — "निळं बटण दिसतंय का?"

"आंधळी आहे हो मी."

"मग कुणाला तरी बघायला सांगा ना. अपडेट तर यशस्वी झालंय, बाई."

यशस्वी!

बुधवार, ६

टिंग! मेल आली. ती घंटी तेवढी शाबूत. माझ्या लेकाची, होवार्डची असेल? तीन आठवड्यांपूर्वी त्याला लिहिलं — चुकलं माझं. त्याच्या लग्नाला गेले नाही, त्याला नऊ वर्षं झाली. त्याचा फोन नंबरही नाही माझ्याकडे. हातभर अंतरावर उत्तर पडलंय आणि मला वाचता येत नाही!

गुरुवार, ७

पुन्हा टिंग. खालच्या मजल्यावर गुन्वोर आहे, डोळे धडधाकट. पण तिच्याकडे? ईस्टरला जिन्यात म्हणाली, "पोराला तूच घालवलंस, टोरबॉर्ग." तेव्हापासून बोलणं बंद. मेले तरी जाणार नाही.

शुक्रवार, ८

तिसरी. मदत केंद्र म्हणतं, माणूस पुढच्या गुरुवारी येईल. ओरडले. रडले. "आवाज चढवू नका, बाई." दुपारभर वेड्यासारख्या कळा बडवत बसले. बोटं दुखताहेत.

शनिवार, ९

गेले. दार उघडून गुन्वोर म्हणाली, "काय गं, मीठ संपलं?"

"मला वाचून दाखव." एवढंच निघालं तोंडातून.

पिठाच्या हातांनीच वर आली. गुरुवारची मेल मासळीच्या दुकानाची. बुधवारची होवार्डची — 'आई, शुक्रवारच्या बोटीनं येऊ? एकटा नसेन. तुझं हो आलं तरच निघू.' म्हणजे बायकोलाही आणणार होता!

मग कालची. गुन्वोर हातांचं पीठ झटकत बसली.

"वाच ना!"

"'समजलो. पुन्हा लिहू नकोस.'"

बोट कालच येऊन गेली. नऊ वर्षं दार लावून बसले, आणि तो दाराशी यायला निघाला तेव्हा मी गप्प!

"रडतेस काय? सांग, मी लिहिते." सगळं लिहिलं तिनं — अपडेट, गेलेला आवाज, माझा फोन नंबर. पाठवलं. संध्याकाळपर्यंत शेजारी बसून होती. फोन माझ्या मांडीवर. वाजला नाही.

रविवार, १०

वाजला. होवार्ड नव्हता. एक चिमुरडा आवाज — "तुझा कॉम्प्युटर मुका झाला ना? बाबा म्हणतो, तू माझी आजी आहेस."