सरळ केलेली भिंत

प्रिय धाकट्या,

शाळेमागच्या टेकडीची माती अडवायला घातलेली भिंत तू इंजिनिअर म्हणून तपासून पास केलीस, आणि मी दर रविवारी माझ्या खिडकीतून तिचं चित्र रंगवते. पहिलं चित्र पाहून तू हसला होतास. "ताई, तू आपली भाषणंच कर. तुझी भिंत प्यायल्यासारखी झुकलीय."

मी माझा हात कच्चा मानला. पुढच्या पाच चित्रांतही भिंत पेन्सिलीने झुकलेलीच उतरली आणि रंग भरताना मी ती सरळ केली. तिच्या सावलीत खेळणारी मुलं मात्र मनापासून काढली.

आज खिडकीत दोऱ्याला किल्ली बांधून टांगली. दोरा सरळ होता. भिंतीचा माथा त्याच्या तीन बोटं पुढे आलाय. मग जुनी चित्रं उजेडासमोर धरली. रंगाखालची रेघ दर रविवारी थोडी जास्त कललेली आहे.

आयुष्यभर सभांमधून मी लोकांना विचारत आले, डोळ्यांना दिसतं ते तुम्ही कुणाच्या भीतीने नाकारता? मी तर ते तुझ्या एका हसण्यापायी नाकारलं. तू का हसलास, हे विचारायची मला हिंमत होत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. ते तुला मिळायला दोन दिवस लागतील आणि शाळा उद्या सकाळी साडेसातला भरते. सात वाजता सहाही चित्रं घेऊन मी फाटकात उभी राहीन आणि एकाही मुलाला आत जाऊ देणार नाही. भिंत कुणी पास केली, असं मुख्याध्यापक विचारतील. मी तुझं नाव सांगेन.

तुझी ताई