नवरीची फणी

बाई,

मी सकाळच्या मोटरीनं रिसोडले दवाखान्यात चालली. तुमचे दीर सोबत हायेत. दूध तापवून ठेवलं, भाकरी टोपल्यात हायेत. द्वारकीच्या डोक्याचं तेल भितीतल्या देवळीत हाय.

आठ वर्सं झाले, माह्या डोक्यातला कोंडा जात नाही आन् केस गळून राह्यले. बायायमंधी पदराखालचं डोकं मी फक्त तुमालेच दाखवलं. दर आइतवारी दार लावून तुमीच लिंबू चोळून देत होत्या. "कोनाले सांगत नाही व, मनकर्णा," म्हनत होत्या.

काल हळदीले मी द्वारकीचे केस विंचराले बसली, तं तुमी माह्या हातातली फणी वढून घेतली. "इचा हात नवरीच्या डोक्याले लावू देऊ नका, इचं डोकं पार झडलं हाय," असं भरल्या घरात म्हनलं. साऱ्या बाया माह्या पदराकडं पाहाले लागल्या. मी तशीच उठून चुलीपाशी गेली. कोंडा असा लागत असता, तं तुमाले कवाचाच लागला असता. द्वारकी रांगत होती तवापासून तिचं डोकं मीच धुतलं, या आठ वर्सांतबी तुमाले कवा भेव वाटलं नाही.

परवा लगनाले येईन. अक्षता टाकीन आन् मांडवात मांगं उभी राहीन.

तुमाले वाचता येत नाही, म्हनून ही चिठ्ठी द्वारकीच वाचून दाखवन. द्वारके, माह्यासाठी आईसंग भांडू नको बाई. पर वाचताना एकबी शब्द गाळू नको.

तुमची धाकटी जाऊ,
मनकर्णा