नागकन्येचा घरजावई

११ जुलै ९८
यंदाचा देखावा करायचं काम मला मिळालं. तालमीच्या गणपतीपुढं आजवर कुणा बाईनं खिळासुद्धा ठोकला नव्हता. अध्यक्ष आबा म्हणाले, "बाई, शाळंत चित्रं शिकवताय, आता आमाला बी शिकवा की. पर दरसालचं तेच तेच नगं." घरी येऊन रद्दीतून आणलेलं ते जाडं फ्रेंच पुस्तक काढलं. कंबोडियातल्या ख्मेर लोकांच्या दंतकथा, चित्रं फ्रेंच अमदानीतली. आबांना यातलंच दाखवायचं.

१४ जुलै
कॉलेजात फ्रेंच शिकवणाऱ्या सदानंदांकडून मजकूर वाचून घेतला. परदेशी राजपुत्र येतो, नागराजाच्या लेकीवर भाळतो. सासरा समुद्र पिऊन टाकतो आणि उघडी पडलेली जमीन जावयाला देतो. तोच त्यांचा देश. लग्नाच्या चित्रात ती पुढं, हा तिचा शेला धरून मागं, निघालेत तिच्या माहेरी, पाताळात.
चित्रकार मात्र अजब. नागकन्येला मडमेचं नाक. नागराजाचे फणे म्हणजे ओळीनं टांगलेली उलथनी. हत्ती बहुधा ऐकीव. सदानंद खूप हसले. छान हसतात.

२६ जुलै
साताऱ्याचं स्थळ गेलं. अट तीच, आईला सोडून जाणार नाही, नवऱ्यानं इथं शाहूपुरीत आमच्या घरी राहायचं. पाहुणे चहा न घेताच उठले. वर आईच माझ्यावर: "लेकीच्या घरात जावई ठेवलेला मला न्हाय खपायचा. तू जा की. मी काय कुक्कुलं बाळ हाय?" एका डोळ्यानं दिसत नाही, परवा रॉकेल सांडलं, आणि तोरा बघा. रडू आलं. मग राजपुत्राचे पाय रंगवत बसले.

९ ऑग.
तालमीत भांडण. पोरांचं म्हणणं, गडी बायकोचा शेला धरून मागनं चालतोय म्हणजे काय, पैलवानांची अब्रू जाईल, तिला मागं घ्या. मी म्हटलं, गोष्ट आहे तशीच होणार, नाहीतर कुंचला घ्या तुम्हीच. आबा मिशी चोळत बसले. मग म्हणाले, "आमी तरी जलमभर आमच्या हिच्या मागनंच चाललोय न्हवं? ऱ्हाऊ दे तसंच."
सदानंद रोज येतात, रंग कालवतात. भाषांतर केव्हाच संपलंय. मी विचारत नाही.

३१ ऑग.
देखावा खुला. पोरांनी पाण्याच्या पायपा उलट्या जोडल्या. नागराजा समुद्र प्यायचा सोडून पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांवर ओकला. आबा नखशिखान्त भिजले. पोटात दुखेपर्यंत हसलो.

२ सप्टें.
गौरी गेल्या, बायका मोकळ्या. नागकन्येची ओटी भरायला आल्या. एकीनं विचारलं, "कुठं दिली हिला?" म्हटलं, कुठंच नाही, तोच येतोय हिच्या घरी. झालं. ओटी राहिली बाजूला, राजपुत्राला जावयाचा मान सुरू. टॉवेल, टोपी, नारळ. मुकुटावर पांढरी टोपी बसली. पोरं काढायला धावली तर आबा म्हणाले, "जावायाचा मान हाय त्यो. हात लावायचा न्हाय."
आई बघत उभी होती. घरी आल्यावर: "एवढ्या बायका, पर एक बी नावं ठिवंना."

४ सप्टें.
रंगाचे डबे धुताना सदानंदांनी विचारलं, "तुमची वरची खोली रिकामी आहे ना?" म्हटलं, भाड्यानं द्यायची नाही. "भाड्यानं कुठं मागतोय?" नळ तसाच वाहत राहिला. फार सुख झालं. अजून काही लिहवत नाही.
आईला सांगितलं. ती पाटपाणी घेत होती. घेतच राहिली.

४ ऑक्टो.
पितरांत बोलणी नकोत म्हणून थांबलो होतो, मग दसरा. आज गगनबावड्याहून सदानंदांच्या आई आल्या. सदानंद धाकटे, थोरले दोघं शेती बघतात. आमच्या आईनं पहिल्याच घासाला काढलं, "पोराला लोकाच्या घरी धाडताय, गाव हसंल की तुमाला."
त्या ताक पिऊन म्हणाल्या, "हसू द्या की. पर विहीनबाई, पोरगं घोरतंय लई. तुमाला झोप लागंल न्हवं?"
आई कितीतरी वेळ भात कालवत राहिली. मग म्हणाली, "मला तशी बी झोप कमीच हाय."
याला हो म्हणायचं का? सदानंदांना खुणेनं विचारलं. त्यांनाही कळलं नव्हतं.